हृदयाचं वीजबिल

आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर पूर्वी पोरांच्या मार्कांची चढाओढ असे, आता बीपीची असते. ‘एकशेवीस-ऐंशी’ म्हणणारा माणूस मुलगा बोर्डात आल्यासारखा चहूकडे बघतो. दीडशेवाला ‘काल लग्नाचं जेवण झालं ना’ म्हणत सारवासारव करतो.

या आकड्यांवरून हृदय किती राबतं याचाही अंदाज बांधता येतो. हिशेब शाळकरी आहे : दाब गुणिले ढकललेलं रक्त. दाब सरासरी घ्यायचा. पण १२० आणि ८० ची सरासरी इथे १०० धरत नाहीत. दर ठोक्यात हृदय दाबतं कमी वेळ, विसावतं जास्त. म्हणून दोन आकड्यांतल्या फरकाचा तिसरा हिस्सा खालच्या आकड्यात मिळवायचा. आले ९३. एका ठोक्याला रक्त साधारण ७० मिलिलिटर. एककं जुळवली की गुणाकार एका ज्यूलच्या जरा आतच राहतो. मिनिटाला ७२ ठोके धरले तर डाव्या कप्प्याचं काम भरतं एक वॅट.

फक्त एक वॅट! देवघरातला जुना झिरोचा बल्बही याहून जास्त वीज खातो. वर्षाकाठी नऊ युनिटं. एवढ्या बिलात आपल्याकडे वीजबिलातला स्थिर आकारही सुटणार नाही. अर्थात हे झालं हाती आलेलं काम. त्यासाठी हृदय इंधन जाळतं चार-पाच पट.

दाब मोजण्याची गोष्ट जुनी आहे. १७३३ साली स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्त आठ फुटांवर चढल्याची नोंद छापली. घोडीचं मत कुणी विचारलं नाही. आपलं दंडावरच्या एका पट्ट्यावर भागतं, पण पट्टा दाबच सांगतो. रक्त किती ढकललं हे नाही. ते ७० आपण गृहीत धरलेले. थकलेलं हृदय कमी रक्त ढकलूनही छान १२० दाखवू शकतं.

हृदयाची प्राणवायूची भूक जोखायला डॉक्टर आणखी सोपा गुणाकार करतात : वरचा आकडा गुणिले नाडी. १२० ला ७२ ने गुणलं की ८,६४०; नाडी ९५ झाली की तेच ११,४००. बीपी मात्र तेच, ‘नॉर्मल’! घरच्या मशीनवर ही नाडी तिसऱ्या ओळीत मुकाट उभी असते आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

तेव्हा वहीत तिसरा आकडाही लिहीत जा. आणि मोजण्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसा, दंड छातीच्या पातळीला ठेवा, पट्टा फुगत असताना सुनेशी बोलू नका.