वाळवंटात वाळवणाला बंदी

लॉस एंजेलिसच्या आसपास उभी हयात नोकरीत घालवलेल्या मराठी माणसाला साठी उलटली की दोन दुखणी हमखास जडतात. एक गुडघ्याचं आणि दुसरं वाळवंटात घर घेण्याचं. पहिल्यावर डॉक्टर मिळतो. दुसऱ्यावर इस्टेट एजंट मिळते, आणि ती दुखणं वाढवून ठेवते.

पूर्वेकडे दोन तास गाडी हाकली की सॅन गॉर्गोनिओची खिंड लागते. तिथला वारा असा, की पवनचक्क्यांचं रानच्या रान उभं केलंय. खिंड ओलांडली की कोचेला खोरं. पाम स्प्रिंग्ज, कॅथीड्रल सिटी, रँचो मिराज, पाम डेझर्ट, इंडियन वेल्स, ला क्विंटा, इंडिओ, कोचेला आणि हायवेच्या पल्याड एकटं टाकलेलं डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज, अशी नऊ शहरं. कुठलं कधी संपलं आणि पुढचं कधी लागलं, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. तिथल्या माणसांना मात्र ते बरोब्बर कळतं आणि त्याचे ते पैसे मोजतात.

आमच्याकडे हा विषय मी काढला, असं ही सांगते. काढला असेन. पण कागदावर निकष लिहून काढले ते हिने. माझे निकष हवा, डोंगर, शांतता असले होते. हिचे: हॉस्पिटल किती लांब, विजेचं बिल किती, आणि लॉस एंजेलिसकडच्या पायोनियर बुलेव्हारवरच्या भारतीय दुकानातून आणलेली कोथिंबीर घरी पोचेपर्यंत टिकेल का. सुरुवातीलाच सांगतो, पुढचा सगळा शोध हिच्याच कागदावर झाला.

पाम स्प्रिंग्जपासून सुरुवात करणं भाग होतं, कारण नाव तेच माहीत असतं. हॉलिवुडच्या नटनट्यांना स्टुडिओपासून दोन तासांच्या आत राहायची अट होती आणि हे गाव बरोबर दोन तासांवर होतं, असं इथला प्रत्येक गाइड सांगतो. फ्रँक सिनात्राने १९४७ साली इथे बांधून घेतलेल्या घराचा पोहण्याचा हौद पियानोच्या आकाराचा आहे. रिचर्ड न्यूट्राने १९४६ साली बांधलेलं कॉफमन हाउस बघायला जगभरचे आर्किटेक्ट येतात आणि कुंपणाबाहेर उभे राहून उसासे टाकतात. सपाट छप्पर, भिंतीच्या जागी काचा, आत-बाहेर भेदच नाही. एजंट म्हणाली, "निसर्ग थेट तुमच्या दिवाणखान्यात येतो." ही काचेकडे बघत मराठीत म्हणाली, "येईल हो, पण येताना धूळ घेऊन येईल. एवढी काच पुसणार कोण?"

मग निघाला जमिनीचा विषय. एकोणिसाव्या शतकात सरकारने इथल्या जमिनीचे एकेक मैलाचे चौकोन पाडले. विषम आकड्यांचे चौकोन सदर्न पॅसिफिक रेल्वेला दिले आणि सम आकड्यांचे आग्वा कॅलिएंते कहुइया या इथल्या मूळ लोकांसाठी राखून ठेवले. नकाशावर बुद्धिबळाचा पट दिसतो. १९५९ च्या कायद्याने या राखीव जमिनी ९९ वर्षांपर्यंत भाड्याने देता येऊ लागल्या. त्यामुळे आज रस्त्याच्या या बाजूचं घर जमिनीसकट तुमचं आणि समोरच्या बाजूचं तसंच दिसणारं घर फक्त भिंतींपुरतं तुमचं, जमिनीचं भाडं दरमहा वेगळं. समोरचं घर स्वस्त का, याचा उलगडा तेव्हा झाला. मला त्यात काव्यगत न्याय दिसला. ज्यांची जमीन त्यांनाच भाडं. पण ही गिरगावात पागडीच्या खोलीत वाढलेली. "घर आपलं आणि जागा मालकाची, हेच करायचं होतं तर खेतवाडी काय वाईट होती?" यावर एजंटकडे माहितीपत्रक नव्हतं.

शिवाय पाम स्प्रिंग्ज सॅन हासिंतो डोंगराच्या अगदी पायाशी. डोंगर दहा हजार फुटांहून उंच आणि तोही पश्चिमेला. थंडीत दुपारचा चहा उकळेपर्यंत सूर्य डोंगराआड. १९६३ साली सुरू झालेली केबल कार तुम्हाला साडेआठ हजार फुटांवर नेऊन सोडते; खाली खजुरीची झाडं, वर पाइन आणि हिवाळ्यात बर्फ. ते सगळं छानच आहे. पण उन्हासाठी वाळवंटात घर घ्यायचं आणि साडेतीनला दिवे लावायचे, हे हिच्या हिशेबात बसेना.

रँचो मिराजमध्ये रस्ते माणसांच्या नावाचे आहेत आणि माणसं सगळी मोठी. हायवे सोडून बॉब होपवरून सरळ यायचं, डायना शोर ओलांडायची, मग अध्यक्ष जेरल्ड फोर्ड लागतात, त्यांच्यापुढे सिनात्रा. पत्ता सांगताना माणूस आपोआप दिमाखात बोलतो. आयझेनहॉवरांच्या नावाचं मोठं हॉस्पिटल इथेच, बॉब होपने दिलेल्या जमिनीवर. फोर्डबाईंनी १९८२ साली सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्रही तिथेच. हिच्या कागदावरच्या पहिल्या निकषाला पैकीच्या पैकी गुण. पलीकडे सनीलँड्स ही अ‍ॅननबर्ग दांपत्याची दोनशे एकरांची इस्टेट. ओबामांनी शी जिनपिंग यांना २०१३ साली तिथे बोलावलं ते जून महिन्यात. पाहुणा दोन दिवसांत उठावा अशी व्यवस्था इतक्या सभ्यपणे दुसऱ्या कुठल्या देशाने केल्याचं माझ्या वाचनात नाही.

त्याच रँचो मिराजमध्ये डिस्ने कंपनी कोतिनो नावाची वसाहत वसवते आहे. मधोमध २४ एकरांचं निळंशार तळं, काठाला पांढरी वाळू. म्हणजे आधी वाळवंटात यायचं आणि मग तिथे बाहेरून वाळू आणून समुद्रकिनारा करायचा. मला वाटलं हे ऐकून ही हसेल. ही म्हणाली, "डास होतील का, ते विचारा."

पण खोऱ्याचा खरा धर्म गोल्फ. या एवढ्याशा पट्ट्यात गोल्फची शंभराहून जास्त मैदानं आहेत. ऑक्टोबरच्या सुमाराला ती बंद ठेवून उन्हाळी गवत खरवडतात आणि थंडीतलं राय गवत पेरतात, म्हणजे थंडी काढायला कॅनडाहून मंडळी येईपर्यंत सगळं हिरवं. पाम डेझर्टमध्ये तर गोल्फची गाडी घेऊन रस्त्याने बाजारात जाता येतं. मी गोल्फ खेळत नाही. मैदानाला लागून घर असलं की ते महाग पडतं आणि वर महिन्यातून दोनतीनदा दुसऱ्याचा चेंडू आपल्या हौदात पडतो, एवढंच मला त्यातलं समजतं.

आमचे एक कोल्हापूरकर मित्र अशाच एका पंचावन्नच्या वरच्यांसाठी असलेल्या वसाहतीत राहतात. घरातला एकजण तरी पंचावन्नचा हवा, नातवंडांनी किती दिवस राहायचं ते ठरलेलं, त्यांनी किती वाजता पोहायचं तेही ठरलेलं. घराला रंग द्यायचा तर कमिटीने पास केलेल्या रंगांमधून निवडायचा. रंगांना नावं वेगवेगळी, पण सगळे भाकरीच्या पिठाचेच. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसता कामा नये. हे सगळं वहिनींनी मान्य केलं. पण एप्रिल महिना, टळटळीत ऊन, हवेत दमटपणा नावालाही नाही, हे बघून कोल्हापूरच्या बाईचा हात किती दिवस गप्प बसणार? त्यांनी कोहळा किसून, मिरची-जिरं लावून सांडगे घातले. मागच्या पडवीत खाटेवर जुनी साडी अंथरली, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले आणि ओळीने सांडगे. तिसऱ्या दिवशी वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र आलं. गोल्फच्या मैदानावरून दिसेल अशा जागी मंजुरी नसलेल्या वस्तू उघड्यावर पसरल्या आहेत, त्या तातडीने हलवाव्यात. सोबत फोटो. फोटोत सांडगे फार सुरेख आले होते, असं वहिनी अजून सांगतात.

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०१५ साली कायदा करून असोसिएशनच्या घरातल्या माणसालाही मागच्या अंगणात कपडे वाळत घालायचा हक्क दिला. सांडग्यांबाबत कायदा गप्प आहे. त्यामुळे आज खोऱ्यात अशी परिस्थिती आहे, की उभ्या अमेरिकेतलं सर्वांत कडक ऊन दारात आणि पापड मात्र पायोनियर बुलेव्हारवरून विकत. हिने त्या दिवशी कागदावर वाळवणाचा नवा निकष घातला आणि तो सगळ्यांत वर लिहिला.

इंडियन वेल्स आम्ही गाडीतून न उतरता पाहिलं. गावाची वस्ती पाच हजारांच्या आसपास आणि टेनिसचं मुख्य स्टेडियम सोळा हजारांचं. गावातला प्रत्येकजण दोन-दोन पाहुणे घेऊन बसला तरी खुर्च्या उरतील. तिथल्या किमती ऐकून ही फक्त "बरं" म्हणाली. ला क्विंटा मला आवडलं होतं. तिथे आधी १९२६ साली हॉटेल आलं आणि १९८२ मध्ये शहर झालं, तेही हॉटेलचंच नाव घेऊन. जावयाने सासऱ्यांचं आडनाव लावावं तसा प्रकार.

डेझर्ट हॉट स्प्रिंग्जची घरं सर्वांत स्वस्त. गरम पाण्याचे झरे आहेत, गुडघ्यांना उत्तम. हे पाणी गरम का, तर सॅन अँड्रियास ही कॅलिफोर्नियाची सुप्रसिद्ध भूकंपाची भेग तिथून जाते. भेगेच्या एका अंगाला जमिनीखाली गरम पाणी, दुसऱ्या अंगाला गोड थंड पाणी. एजंटने फक्त पाण्याचं सांगितलं. भेगेचं मी सांगितलं. मग खिंडीतल्या वाऱ्याने गाडीचं दार हिच्या हातातून ओढून घेतलं आणि चर्चा तिथेच संपली.

राहिलं इंडिओ. पर्यटकांच्या लेखी हे गाव वर्षातून एकदाच जागं होतं, एप्रिलमध्ये कोचेलाचा संगीत महोत्सव असतो तेव्हा. तो नावाने कोचेलाचा असला तरी भरतो इंडिओच्या पोलो मैदानावर. बाकी हे खजुराचं गाव. अमेरिकेतला मेडजूल खजूर मोरोक्कोहून १९२७ साली आणलेल्या अकरा रोपांच्या वंशातला. ती रोपं आधी नेवाडात एकांतवासात ठेवली आणि मग इकडे आणली. १९२४ पासूनची शील्ड्स नावाची बाग आहे. तिथे खजुराच्या प्रणयजीवनावर एक जुना माहितीपट फुकट दाखवतात. त्यातून आम्हाला कळलं, की खजुरीत नर वेगळा, मादी वेगळी, एका नरामागे पन्नासच्या आसपास माद्या, आणि परागकण पोचवायचं काम मजुरांनी शिड्या लावून हाताने करायचं. "म्हणजे नर नुसता उभा," ही म्हणाली. अंधारात माझ्याकडे वळून म्हणाली, एवढंच मला खटकलं.

बाहेर आल्यावर मात्र रंगच पालटला. प्रत्येक झाडावर घोसाला कागदी टोपी घातलेली, पाऊस आणि पाखरांपासून वाचवायला. दुकानात डेग्लेट नूर, मेडजूल, आणि डागी, फुटलेला माल वेगळ्या पिशवीत निम्म्या भावाने. हिने ती पिशवी उचलून दाबून पाहिली. चिंचेच्या चटणीला असाच लागतो, म्हणाली. मग विजेची चौकशी. खोऱ्याच्या पश्चिमेला वीज एडिसन कंपनीची. इंडिओ, ला क्विंटा, कोचेला या पूर्वेकडच्या बाजूला ती इंपीरियल इरिगेशन डिस्ट्रिक्टची आणि बरीच स्वस्त. ज्या गावी एसी बंद केला तर माणूस शिजतो, त्या गावी हा फरक कुठल्याही पियानोच्या हौदापेक्षा मोठा. शिवाय जुन्या भागात असोसिएशन नसलेली घरंही मिळतात. वारा दक्षिणेकडून आला की सॉल्टन समुद्र म्हणवणाऱ्या खाऱ्या तळ्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, हे खरं. पण वास काही पत्र पाठवत नाही, असं हिचं म्हणणं.

आता उन्हाळ्याचं. ५ जुलै २०२४ रोजी पाम स्प्रिंग्जमध्ये पारा १२४ फॅरनहाइटवर, म्हणजे ५१ सेल्सिअसवर गेला. त्या दिवसांत थंड पाण्याचा नळ सोडला तरी आंघोळीचं पाणी येतं, आणि हौद थंड करायची यंत्रं मिळतात ती लोक घेतातही. कॅनडाची मंडळी एप्रिलमध्येच पळालेली असतात. उरतात ती जाता येत नाही म्हणून राहिलेली माणसं: खजुराच्या बागांतले, हॉटेलांतले, गवत कापणारे. बाराही महिने या वाळवंटात खऱ्या अर्थाने राहतात ते तेच, आणि कुठे राहायचं याची निवड करत बसायला त्यांना कुणी माहितीपत्रक दिलेलं नसतं. माहितीपत्रकातला प्रत्येक फोटो फेब्रुवारीतला असतो.

आम्ही घर घेतलं नाही. इंडिओत जानेवारी ते मार्च एक लहानसं घर भाड्याने घेतो. कमिटी नाही, मैदान नाही, मागे मोकळं अंगण. यंदा ज्वारीच्या पापड्या झाल्या.

तुम्हाला घ्यायचंच असेल तर घ्या. मात्र एजंटकडे फोटो मागू नका. मागच्या जुलै-ऑगस्टची विजेची बिलं मागा, जमीन कुणाची ते विचारा, आणि असोसिएशनची नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचा, वाळवणाचं कलम तिथेच असतं. आणि घर बघायला ऑगस्टमध्येच जा, भर दुपारी तीन वाजता. एजंट त्या वेळी आली, तर घर घ्यायला हरकत नाही.