हातात मावतं, खिशात मावत नाही
निन्टेन्डो स्विच २ घ्यावं का, असं विचारणाऱ्याने ते मनात केव्हाच घेतलेलं असतं. त्याला सल्ला नको असतो, साक्षीदार हवा असतो.

तर साक्षीपुरतं. जून २०२५ मध्ये हे गेम खेळायचं यंत्र अमेरिकेत आलं ४४९.९९ डॉलरना. पूर्ण साडेचारशे म्हटलं असतं तर गिऱ्हाईक बिचकलं असतं, म्हणून एक सेंट सोडला. भारतात कंपनी ते अधिकृतपणे विकत नाही. म्हणजे पैसे मोजायचे आणि वॉरंटी म्हणून दुकानदाराचं हसू घरी न्यायचं. बॅटरी, कंपनीच्याच शब्दावर, दोन ते साडेसहा तास. भारी गेम लावला की आकडा दोनाकडे झुकतो. १९८९ चा गेमबॉय चार पेन्सिल सेलवर याहून कितीतरी जास्त चालायचा. रंग नव्हते, एवढंच.

खरी गंमत पुढेच. काही गेमच्या कार्डात गेमच नसतो! त्याला ‘गेम-की कार्ड’ म्हणतात. डबी विकत आणायची, कार्ड खोचायचं, मग सगळा गेम इंटरनेटवरून उतरवायचा. उतरवल्यावरही खेळताना कार्ड आत हवंच. यंत्रातली जागा संपली? जुन्या मायक्रोएसडी कार्डावर गेम ठेवता येत नाही, एक्स्प्रेस जातीचंच लागतं. सोवळं कडक आहे.

‘प्रवासात खेळू’ म्हणणाऱ्यांनी संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये ते बाहेर काढून दाखवावं. तिथे स्वतःचा हात बाहेर निघत नाही. तरी घ्यायचंच असेल तर सोबत मारिओ कार्ट हा गेम घ्या. पोरांनी एकदा यंत्र धरलं की बॅटरीची काळजी तुम्हाला उरत नाही.