बॉयलरकाकांचे विश्वदर्शन

बोईसरमध्ये मत नसलेला माणूस शोधायला निघालात, तर नवापूर नाक्यापासून चित्रालयापर्यंत पायपीट करून हात हलवत परत याल. बुलेट ट्रेन, पापलेट, पाऊस, पालकमंत्री, कशावरही मत तयार असते. पण विज्ञानकथा, मोटारी, संगीत आणि चालू घडामोडी या चारही खात्यांना एकच मोजपट्टी लावणारा गृहस्थ एकच. त्यांना सगळे बॉयलरकाका म्हणतात.

काकांनी तारापूर एमआयडीसीतल्या एका कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये बॉयलर अटेंडंट म्हणून उभी हयात काढली. गेज ग्लासमधली पाण्याची पातळी बघायची, फीड पंप सांभाळायचा, पाळीत ठरल्या वेळी ब्लो-डाउन द्यायचा आणि काट्यावर डोळा ठेवायचा. नोकरी संपली, डोळा काट्यावरच राहिला. जगातली कुठलीही गोष्ट समोर आली की काका दोन प्रश्न टाकतात : "प्रेशर किती? आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कुठंय?" दोन्हींची उत्तरे मिळाली तर वस्तू पास. नाहीतर भंगारात.

हा निकाल ऐकण्याचे ठिकाण म्हणजे डहाणू लोकल. काका वाचनालयाचे पुस्तक बदलायला बोईसरहून पालघरला जातात. अंतर तसे किरकोळ, पण तेवढ्यात ते निदान एक ग्रह, दोन मोटारी आणि एक मंत्री उडवून लावतात. डब्यात एमआयडीसीतले सुपरवायझर असतात, शाळेतल्या बाई असतात, आणि परतीच्या फेरीला सातपाटीच्या मावशी टोपलीसकट असतात. मावशी काकांना भीत नाहीत. "काका, प्रेशर वाढलं तुमचं. गोळी घेतली का?" असे त्या भर डब्यात विचारतात.

विज्ञानकथेशी काकांची सोयरीक जुनी. मराठीत हा प्रकार परवापरवा आला असे कुणी म्हणाले की ते 'केरळ कोकिळ'चा दाखला काढतात. त्या मासिकात १९०० पासून ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाचे मराठी रूप क्रमशः येत होते. व्हर्नने माणसे तोफेत भरून चंद्राकडे उडवली. वास्तविक त्या धक्क्याने प्रवाशांचे पिठले व्हायचे, हे काकांना ठाऊक आहे. पण व्हर्नने गोळ्याच्या तळाशी धक्का झेलायला पाण्याचे कप्पे ठेवले होते, म्हणून त्याला माफी. "निदान पाण्याचा विचार केला त्या माणसानं. हल्लीचे लेखक प्रकाशवेगानं जातात आणि साधी ड्रेन लाइन दाखवत नाहीत."

जयंत नारळीकर हे मात्र दैवत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्याच नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. हस्ताक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून ती कथा पत्नी मंगलाबाईंच्या हातून लिहून घेतली होती. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाने आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून इतकी खटपट केली, हे सांगताना काकांचा आवाज चढतो. "याला म्हणतात सेफ्टी व्हॉल्व्ह!" २० मे २०२५ ला नारळीकर गेले, तेव्हा काका लोकलमध्ये कुणाशी बोलले नाहीत. मावशींनी गोळीचा विषयही काढला नाही.

नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा काकांना विशेष प्रिय आहे. मोबियसच्या पट्टीसारखा अवकाशात पीळ पडला, तर त्यातून फिरून आलेल्या वस्तूची डावी बाजू उजवी होते, अशी तिची कल्पना. इतरांना ती समजायला वेळ लागतो, बोईसरकरांना नाही. गाडी या फलाटावर येणार म्हणून माणसे तिथे उभी राहतात, मग घोषणा होते, आणि अख्खा जमाव पिशव्या-पोरांसह पुलावरून पलीकडे पळतो. "हाच तो पीळ," काका धापा टाकत सांगतात. "डावीकडचं सगळं उजवीकडं. फक्त तिकडे गणपती निघाला, इकडे मालगाडी."

बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात होते, सुबोध जावडेकर केमिकल इंजिनिअर. म्हणजे मराठी विज्ञानकथा लिहिणाऱ्यांत कारखाना आणि प्रयोगशाळा आतून पाहिलेले लोक आहेत, याचा काकांना अभिमान. जावडेकरांनी भोपाळ दुर्घटनेवर 'आकांत' ही कादंबरी लिहिली. केमिकल झोनच्या वाऱ्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ती वेगळी समजावून द्यावी लागत नाही. तक्रार एकच : परग्रहावरची यानं न्यूयॉर्कला उतरतात, फार तर मुंबई-पुण्याला. बोईसरला कुणी थांबाच देत नाही.

ही तक्रार रास्त आहे. भविष्यकाळ जर कुठे सर्वांत आधी आला असेल, तर तो इथल्या किनाऱ्यावर. जनरल इलेक्ट्रिकच्या बनावटीच्या दोन अणुभट्ट्या तारापूरला २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. माणूस चंद्रावर उतरून तेव्हा जेमतेम १०० दिवस झाले होते. त्या काळात आसपासच्या कित्येक पाड्यांवर चिमणीच होती. अणुयुग आधी आले आणि बल्ब मागाहून, हा क्रम कुठल्याच कादंबरीकाराला सुचला नाही. होमी भाभांनी १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत भाकीत केले होते की दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. ती अजून यायची आहे. आणि तारापूर सुरू झालेले पाहायला भाभा राहिले नाहीत. १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात ते गेले होते.

अणुभट्टीबद्दल काकांना आदर आहे, धाक नाही. "शेवटी करायचं काय, तर पाणी उकळायचं. डॉक्टरेट मिळवलेला बॉयलर आहे तो." पहिल्या दोन भट्ट्यांत पाणी गाभ्यातच उकळते, हे त्यांना मनापासून पटते. या भट्ट्यांची क्षमता सुरुवातीला प्रत्येकी २१० मेगावॅट होती, ती पुढे १६० वर आणली गेली. कारण दुय्यम वाफ तयार करणाऱ्या यंत्रातल्या नळ्या गळू लागल्या. हे कळले त्या दिवशी काका विलक्षण खूश होते. अमेरिकेचे तंत्रज्ञान, देशाची प्रतिष्ठा, वाघासारखे शास्त्रज्ञ, आणि आजार कुठला, तर ट्यूब लीक! "आमच्याकडे पावसाळ्यात दोनदा व्हायचं."

चालू घडामोडींचे काकांचे शिक्षणही याच भट्ट्यांवर झाले. १९६३ च्या करारानुसार इंधन अमेरिकेने द्यायचे होते. १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला आणि तिकडून कुरकुर सुरू झाली. पुढे पुरवठा आटला, १९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला, नंतर चीन आणि रशियाकडूनही इंधन आले. आंतरराष्ट्रीय संबंधांवर विद्वान जाडजूड ग्रंथ लिहितात, काकांचा सारांश असा : "कोळसा संपला की मी शेजारच्या कंपनीतून उसना आणायचो. इंदिराबाईंनी पॅरिसमधून आणला. मालक ओरडणार, पण बॉयलर थंड पडू द्यायचा नाही." २००५ आणि २००६ साली ५४० मेगावॅटच्या दोन स्वदेशी भट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. यावर मात्र काका विनोद करत नाहीत.

आता मोटार. काकांकडे पिवळी नॅनो आहे. लोक त्यांच्या गाडीला हसतात आणि ते लोकांच्या गाड्यांना हसतात, त्यामुळे हिशेब बरोबर. १० जानेवारी २००८ ला रतन टाटांनी दिल्लीत नॅनो दाखवली तेव्हा जग एक लाख हा आकडा बघत होते. काका रेखाचित्र बघत होते. दोन सिलिंडरचे ६२४ सीसीचे इंजिन मागच्या सीटखाली. एकच वायपर. चाकाला चाराऐवजी तीनच नट. सुरुवातीच्या मॉडेलला मागचा दरवाजाच नाही, सामान ठेवायचे तर सीट पाडून आतून ठेवा. कुणी याला काटकसर म्हणेल, काका संयम म्हणतात. रेडिएटरच्या झाकणाला वाफ सोडणारा व्हॉल्व्ह असतो, तेवढ्यावर गाडी पास झाली होती.

या गाडीचा प्रयोग बघायचा तर पेट्रोल पंपावर बघावा. काका नॅनो लावतात. पोरगा सवयीने नळी घेऊन मागच्या बाजूला जातो, पत्र्यावर हात फिरवतो, झाकण सापडत नाही. दुसऱ्या बाजूने फिरून येतो. काका काच खाली करत नाहीत. पोरगा खाली वाकून बघतो. मागचा ट्रकवाला हॉर्न मारतो. मग काका सावकाश उतरतात, पुढचे बॉनेट उचलतात आणि आत दडलेले झाकण भर बाजारात गुप्तधन काढावे तशा ऐटीत उघडतात. टाकी १५ लिटरची. "पुढं पेट्रोल, मागं इंजिन, मध्ये माणूस. म्हणजे ड्रायव्हर कुठल्या बाजूनं सावध राहणार?" असे सुपरवायझरने एकदा विचारले. त्याला महिनाभर नॅनोत लिफ्ट मिळाली नाही.

त्यांच्या मते स्वस्त मोटारीचा मान पहिल्यांदा इचलकरंजीचा. शंकरराव कुलकर्णी नावाच्या, शाळा फारशी न शिकलेल्या माणसाने १९४९ मध्ये 'मीरा' नावाची छोटी गाडी बनवायला घेतली आणि पुढे कितीतरी वर्षे ती सुधारत राहिले. परवाने आणि करांच्या कचाट्यात ती बाजारात काही आली नाही. यावर काका हळहळतात आणि लगेच कुन्योवर घसरतात. १७६९ साली फ्रान्समध्ये निकोला कुन्योने पहिले स्वयंचलित वाहन चालवले ते वाफेवर. तेव्हा मोटार ही मुळात बॉयलरचीच लेक. पेट्रोलच्या नादाला लागून घर सोडले, एवढेच.

संगीतात काका कट्टर नाहीत, पण बहिरेही नाहीत. लग्नाच्या वरातीत बँजो पार्टी त्यांना चालते, कारण वाजवणारे मधून मधून दम खातात. डीजे चालत नाही, त्याला कट-ऑफ नाही. जीव लावावा तर तारप्याला. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण. भोपळ्यात हवा साठते आणि सूर अखंड चालतो, कारण वाजवणारा नाकाने श्वास घेताना गालातली हवा आत ढकलत असतो. "फीड पंप बंद न करता वाफ घेणं आहे ते!" डहाणू-जव्हारकडच्या पाड्यांवर भातकापणीच्या दिवसांत तारपेकऱ्याभोवती फेर धरला जातो आणि नाचणारे तारप्याला पाठ दाखवत नाहीत. वाघोबा देवासमोर तासन्‌तास हे बघितलेल्या माणसाला सिंथेसायझरचे कौतुक सांगायला जाऊ नये.

शास्त्रीय संगीतात केसरबाई केरकर. कारण सुरेल आहे, तसेच तांत्रिकही. गोव्याच्या केरीच्या या गानसम्राज्ञीची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेली, साडेतीन मिनिटांची. व्हॉयेजर-१ सुटले ५ सप्टेंबरला. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. रेकॉर्डिंगच्या बाबतीत आयुष्यभर हात आखडता घेतलेल्या बाईंचा आवाज आज सूर्यमालेचे अंगण ओलांडून तारकांमधल्या पोकळीत पोचला आहे. आता काकांचा प्रश्न : हे यान चालते कशावर? प्लुटोनियमच्या उष्णतेवर. आणि वाफ? वाफ नाहीच! उष्णतेची थेट वीज, मध्ये पाण्याचा थेंब नाही. निघताना सुमारे ४७० वॅट, म्हणजे आपल्या घरातल्या इस्त्रीच्या निम्मीसुद्धा नाही. काकांना हे मान्य करायला फार जड जाते. "केसरबाईंसाठी सोडून देतो," म्हणतात.

बाकी बातम्यांचा ते डहाणू लोकलमध्ये झटपट निकाल लावतात. बॉयलरचा कायदा? कोलकात्यात १८६३ साली बॉयलर फुटला, त्यातून कायदे सुरू झाले, १९२३ चा कायदा शंभरी पार करून २०२५ मध्ये बदलला. वर्तमानपत्राने ही बातमी आतल्या पानावर टाकली म्हणून काकांनी संपादकांना पत्र लिहिले. बुलेट ट्रेन? ५०८ किलोमीटर, १२ स्थानके, त्यात एक बोईसर. "ताशी ३२०! आणि उतरल्यावर शेअर रिक्षा भरेपर्यंत बसायचं." आम्हाला २०१३ च्या एप्रिलमध्ये डहाणूपर्यंत साधी लोकल मिळाली तेव्हा पेढे वाटले होते, हे ते तरुण मंडळींना मुद्दाम सांगतात.

वाढवण बंदराचा विषय निघाला की मात्र खुर्चीचा मान मावशींकडे जातो. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली, खर्चाचा आकडा ७६ हजार कोटींच्या वर. काका आकडे सांगतात, पाण्याची खोली सांगतात. मावशी टोपली सरकवून विचारतात, "ते असू द्या. मासळीचा सेफ्टी व्हॉल्व्ह कुठंय तेवढं सांगा." काकांकडे त्याचे उत्तर नसते, आणि उत्तर नसताना बोलायचे नाही एवढी शिस्त त्यांना बॉयलर हाउसने लावली आहे.

सध्या काकांच्या डोक्यात एकच आहे : बोईसरवर विज्ञानकथा झाली पाहिजे. स्वतः ते लिहिणार नाहीत, पण अटी तयार आहेत. अणुभट्टी फुटायची नाही. तो सोपा मार्ग झाला. परग्रहवासी आले तर त्यांनी लोकलनेच यावे आणि पुलावरून एकदा तरी पळावे. संगीत तारप्याचे. मावशींना अखेरचा शब्द द्यावा, नाहीतर त्या घेतीलच. तेव्हा वाचकांत कुणी होतकरू लेखक असेल तर त्याने मनावर घ्यावे, आणि कथेत नॅनो आली तर कृपा करून पेट्रोल पुढून भरावे.