गच्चीवरील खत : स्नेहलतागंज पद्धत
(कुंडीत टोमॅटो पाळणाऱ्या कुटुंबांसाठी, अधिकृत वाटेल अशी मार्गदर्शिका)

प्रस्तावना

कंपोस्टच्या बाबतीत इंदूरकराने कुणाचा सल्ला घेणे शोभत नाही. सल्ला आपण जगाला दिलेला आहे. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ साली इथे वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि सहकारी यशवंत वाड यांनी शेतातल्या केरकचऱ्याचे खत करण्याची जी रीत बसवली, तिला जग आजही ‘इंदोर पद्धत’ म्हणते. १९३१ साली दोघांच्या नावाने तिच्यावर पुस्तकही निघाले. हॉवर्ड पुढे ‘सर’ झाले, वाड पुस्तकावर राहिले, आणि इंदूरचा मराठी माणूस गांडूळखताची पिशवी ऑनलाइन मागवू लागला. सबब ही मार्गदर्शिका.

कलम १ : जागा

मूळ पद्धतीतला खड्डा ३० फूट लांब आणि १४ फूट रुंद. इंदूरच्या स्नेहलतागंजमध्ये एवढी जागा मोकळी दिसली तर तिथे बिल्डरचा फलक आधीच लागलेला असतो. म्हणून झाकणाचा जुना ड्रम घ्यावा आणि त्याच्या बुडाला व बाजूंना भोके पाडावीत. हवा फार खोल शिरत नाही म्हणूनच हॉवर्ड-वाड यांनी खड्डा उथळ ठेवला, आपणही ढीग उथळ ठेवावा. पावसाळ्यात तेही खड्डा सोडून जमिनीवर ढीग रचत, कारण पाणी तुंबले की खत कुजत नाही, सडते. ड्रम खालच्या मजल्याच्या धुण्यावर ठिबकणार नाही असा ठेवावा. उन्हाळ्यात गच्चीवर पहिला हक्क कुरडयांचा असतो. त्यावर अपील नाही.

कलम २ : सुका माल

ओल्या कचऱ्याची टंचाई कोणत्याच घरात नसते. घोडे अडते ते वाळक्या पानांवर. प्रमाण असे : ओले एक घमेले, तर सुके दोन. आता पिंपळ-कडुनिंबाची पाने गळणार फाल्गुन-चैत्रात आणि टोमॅटोची रोपे लागणार पावसाळा सरताना. म्हणजे पोती भरून ठेवायची उन्हाळ्यातच. रस्त्यावर पाने वेचताना ओळखीचे कुणी भेटल्यास ‘औषधाला हवीत’ असे सांगावे. कोणत्या आजारावर, हे समोरचाच सांगेल.

कलम ३ : ओला माल

इथे आपली स्पर्धा थेट महानगरपालिकेशी आहे. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या शहरात ओला कचरा देवगुराडियाला जातो, त्याचा गॅस होतो आणि त्यावर बस धावते. त्यामुळे कचरागाडीचे गाणे ऐकू येताच घरातले सर्वात निरागस माणूस डबा उचलून जिना उतरू लागते. डबा आदल्या रात्रीच लपवावा. सलग दोन दिवस गाडीकडे न फिरकल्यास शेजारच्या काकू विचारतील, “काय गं, गाडी चुकली का?” खरे कारण सांगून टाकावे. संध्याकाळपर्यंत त्या कीस करून उरलेल्या भुट्ट्यांची परडी आणून देतील आणि सोबत चार सूचना. भुट्टे बारीक चिरून ड्रममध्ये घालावेत. सूचना ऐकून घ्याव्यात.

वर्ज्य पदार्थ : तळण, खारट-तेलकट उरलेसुरले, दूध-साखर न धुतलेली चहापत्ती, आणि रोग पडलेली टोमॅटोची पाने. शेव उरल्यास तीही वर्ज्य. पण इंदुरात शेव उरल्याची नोंद नाही.

कलम ४ : विरजण

मूळ रीतीत शेण, लाकडाची राख आणि गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती यांचे थर असत. फ्लॅटमध्ये बैल बांधण्यास सोसायटीची मंजुरी मिळणे कठीण. पाण्यात कालवलेले थोडे शेण, मूठभर जुने खत किंवा आंबट ताक यांवर भागते. राख चिमटीनेच घालावी.

कलम ५ : उलथापालथ

ढीग पंधरवड्याने परतावा, मग महिना भरल्यावर, मग दोन महिने झाल्यावर. तिसऱ्या महिन्याअखेर खत तयार. मधल्या काळात रोज झाकण उघडून ‘झालं का’ पाहणाऱ्या सासऱ्यांना दुसरे काम द्यावे. मूठ दाबली की एखाददुसरा थेंब यावा, धार नको. वास सुटला तर हवा कमी, पाणी जास्त. वाळकी पाने घालून परतावे. मुंग्या लागल्या तर कोरडे पडले, पाणी शिंपडावे. खताला मातीचा वास येऊ लागला की समजावे, आता घरातले सगळे म्हणणार, आम्हाला खात्री होतीच.

कलम ६ : रोपाची सेवा

कुंडीत दोन भाग मातीला एक भाग खत. पुढे दर तीन आठवड्यांनी दोन मुठी वरून. प्रेमाच्या भरात वाढवू नये. नत्र जास्त झाले की रोप पाने काढत गच्चीचा कठडा ओलांडते आणि फुलाचे नाव घेत नाही. फळाचे बूड काळे पडले की घरोघरी अंड्याची टरफले पुरतात. ती विरघळायला फार काळ घेतात, आणि दोष बहुधा कॅल्शियमचा नसून पाण्याचा असतो : चार दिवस विसरायचे आणि पाचव्या दिवशी बादली ओतायची. पाणी नियमाने द्यावे. केळीच्या सालींचे पाणी देण्यापेक्षा साली ड्रममध्ये टाकाव्यात.

उपद्रवी किडी व साधा शेतकरी यांना हॉवर्ड आपले प्राध्यापक म्हणत. पांढरी माशी दिसल्यास प्राध्यापक तपासणीला आले असे समजून पान उलटून पाहावे.

कलम ७ : उत्पन्न

किलोचा भाव काढू नये. ड्रम, स्कूटरचे पेट्रोल आणि सासऱ्यांचा वेळ हिशेबात धरल्यास माणूस बागकाम सोडतो. पहिल्या तोडणीची शेव-टमाटर करून पाहुण्यांना वाढावी. ते बोटे चाटत विचारतील, “वा! शेव कुठल्या दुकानातली?” दुकानाचा पत्ता तयार ठेवावा.