दोन लिटर वाया घालवू नका

परदेशातून परतलेला मराठी माणूस शुल्कमाफ दारूचे आपले दोन लिटर बहुतेक वेळा मुंबई विमानतळावरच संपवतो. सामानाच्या पट्ट्यावर बॅग यायच्या आत, तिथल्याच ड्यूटी-फ्री दुकानात. एक लिटर व्हिस्की, तिच्या जोडीला आणखी एक लिटर, दुसरीवर सवलत. पोर्तुगाल हिंडून आला, पोर्तोत नदीकाठी बसून वाइन प्यायला, फोटो टाकले, आणि घरी काय आणलं? दादरच्या वाइन शॉपच्या फळीवर बारा महिने उभी असते तीच बाटली.

पैसे वाचतात, हे मला मान्य आहे. पण दोन लिटर ही एका प्रवाशाची अख्खी सूट आहे. तिकडे गावात घेतलेली, विमानात घेतलेली, इथे उतरल्यावर घेतलेली, सगळी दारू त्यातच मोजतात. एवढ्या थोड्या जागेत जे इथे मिळतच नाही तेच यायला हवं. व्हिस्की कुठे पळून जात नाही.

दुसऱ्या प्रकारचा प्रवासी निदान वाइन आणतो. त्याचा घोळ घरी आल्यावर सुरू होतो. बाटली कपाटात जाते. साड्यांच्या मागे, आईंना दिसू नये म्हणून, किंवा उलट हॉलच्या शोकेसमध्ये, सगळ्यांना दिसावी म्हणून. ‘कुणी खास आलं की उघडू.’ खास कुणी येत नाही, उन्हाळा मात्र येतो. वाइन 12 ते 15 अंशांत, अंधारात, आडवी ठेवायची असते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद घरातलं कपाट काय तापमानाला जातं ते तिथल्या माणसाला सांगायला नको. उभ्या बाटलीचं बूच वाळतं, हवा आत शिरते, वाइन सपक होते, मग आंबट. विमानात बाटल्या फुटतील म्हणून माणसं धास्तावतात. विमानातल्या दाबाने बाटली फुटत नाही, सामानाचा कप्पाही दाबयुक्तच असतो. वाइन मरते ती आपल्या घरात.

म्हणून माझं म्हणणं असं, की वाइन निवडताना ती कुठून आणतोय याच्या इतकाच, ती कुठे नेतोय याचा विचार करा. आपल्याकडे ऊन आहे. आपल्याकडे जेवणाबरोबर अख्खी बाटली संपवायची रीत नाही. दोघं घोट-घोट घेणार आणि उरलेली पंधरा दिवस फ्रिजच्या दारात राहणार. साधी रेड किंवा व्हाइट वाइन उघडल्यावर दोन-तीन दिवसांत उतरते. मग जी ऊन सोसते आणि उघडल्यावरही टिकते ती आणा. अशा वाइन जगात आहेत, आणि त्यांतल्या दोन उत्तम पोर्तुगालमध्येच होतात.

पहिली पोर्ट. गोव्यात पोर्ट म्हणून जी गोड लाल वाइन विकतात तिचा इथे संबंध नाही, ती मनातून काढून टाका. खरी पोर्ट डोरो नदीच्या खोऱ्यातली. या खोऱ्याची हद्द 1756 मध्ये पोर्तुगालचे मंत्री मार्केस द पोंबाल यांनी आखून दिली. वाइनच्या प्रदेशाची कायद्याने हद्द ठरवण्याचं जगातल्या जुन्या उदाहरणांपैकी हे एक. उतारावर दगडी पायऱ्या रचून द्राक्षं लावलेली, उन्हाळा भाजून काढणारा. रस आंबत असतानाच मध्येच त्यात द्राक्षांपासून केलेली कडक दारू ओततात. आंबणं थांबतं, फळाची साखर शिल्लक राहते, जोर 19 ते 22 टक्क्यांवर जातो. पूर्वी पिंपं शिडाच्या सपाट होड्यांतून नदीने खाली यायची, पोर्तोच्या समोरच्या काठावर, व्हिला नोव्हा दि गायाला. समुद्राजवळची ती थंड, दमट जागा वाइन मुरवायला बरी. आजही तिथली कोठारं बघायला मिळतात आणि चाखून घेता येतं. चाखूनच घ्या.

पण पोर्टमध्येही एक चूक सगळे करतात. दुकानदाराला ‘सगळ्यात चांगली द्या’ म्हणतात आणि तो व्हिंटेज पोर्ट काढतो. व्हिंटेज फार मोठी वाइन आहे, त्यात वादच नाही. पण ती पिंपात दोन-तीन वर्षंच राहते आणि पुढे बाटलीत कित्येक वर्षं मुरते. तळाशी गाळ धरते, ती गाळून घ्यावी लागते, उघडली की एक-दोन दिवसांत संपवावी लागते. तळघर नसलेल्या ठाण्याच्या टू-बीएचकेमध्ये तिचं काय करणार? तुम्ही टॉनी मागा. टॉनी लाकडी पिंपात वर्षानुवर्षं राहते, तिला हवेची सवय झालेली असते, रंग लाल जाऊन तपकिरी-सोनेरी होतो, चवीला अक्रोड, सुकं अंजीर, जळक्या साखरेचा पाक. चिठ्ठीवर 10, 20, 30, 40 वर्षं असा आकडा असतो. तो सरासरी चवीचा आकडा, द्राक्षं त्याच वर्षाची असतात असं नाही. वीस वर्षांची घ्या. माझ्या मते पैशाला सगळ्यात जास्त तीच देते. बाटली उभी ठेवा, बूच हाताने निघतं आणि पुन्हा बसतं, उघडून फ्रिजमध्ये ठेवली तर काही आठवडे चांगली राहते. मानेवर पोर्टच्या नियामक संस्थेचा कागदी शिक्का आहे ना, तेवढं बघा.

दुसरी मदेइरा. या वाइनवर माझा फार जीव आहे आणि ती आणणारा मराठी प्रवासी मला क्वचितच भेटतो. अटलांटिकमधलं पोर्तुगालचं बेट, फुंशाल हे बंदर. हिंदुस्थानकडे येणारी जहाजं तिथे पाणी, शिधा आणि वाइन भरून घ्यायची. पिंपं महिनोन् महिने उष्ण कटिबंधातल्या तापलेल्या जहाजाच्या पोटात हेलकावत राहायची. न विकलेली पिंपं परत बेटावर गेली तेव्हा लोकांना कळलं की वाइन नासली नाही, उलट सुधारली. मग व्यापारी पिंपं मुद्दाम फेरीला पाठवू लागले आणि अशी फेरी मारून आलेली वाइन महाग विकू लागले. आपल्या समुद्रांच्या उन्हाने या वाइनला तिची चव दिली! पुढे जहाजाचं काम बेटावरच होऊ लागलं. एका पद्धतीत टाक्यांतली वाइन 45 ते 50 अंशांवर किमान तीन महिने तापवतात. दुसऱ्या, वरच्या दर्जाच्या पद्धतीत पिंपं उन्हाने तापणाऱ्या माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवतात. विदर्भातला उन्हाळा हिने बाटलीत भरायच्या आधीच भोगलेला असतो. तुमच्या कपाटाची तिला काय भीती? उघडल्यावर महिनोन् महिने टिकते. सर्सियाल कोरडी, व्हर्देल्यु त्याहून जराशी गोड, मग बुआल, मग मालव्हाझिया सगळ्यात गोड. पहिल्यांदा घेत असाल तर व्हर्देल्यु घ्या आणि खारवलेल्या काजूंबरोबर प्या.

विन्यु व्हर्द मात्र आणू नका. उत्तर पोर्तुगालची ती हलकी, आंबटसर, जिभेवर चुरचुरणारी वाइन ताजी असतानाच प्यायची. तिथे भाजलेल्या सार्डिनबरोबर मनसोक्त प्या आणि तिथेच सोडून या.

आता हिशेब. दोन नेहमीच्या बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की सव्वादोन, म्हणजे मर्यादेबाहेर. पण टॉनी आणि मदेइरा अर्ध्या लिटरच्या बाटलीतही मिळतात. दोन मोठ्या आणि एक अर्ध्या लिटरची, बरोबर दोन लिटर. नवरा-बायको असाल तर आपापल्या बाटल्या आपापल्या बिलासकट आपापल्या बॅगेत. एकाची सूट दुसऱ्याच्या सुटीत मिळवता येत नाही. जास्त आणली असेल तर लाल मार्गाने जा, स्वतः सांगा आणि शुल्क भरा. लपवून नेणाऱ्यांचा मला राग आहे. एका बाटलीपायी अधिकाऱ्यासमोर खोटं बोलायचं कशाला? बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून, मोज्यात घालून, जीन्समध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते, तेव्हा वजनाचा अंदाज आधी घ्या. पुढे देशातलं विमान असेल तर विमानतळावरून हातात घेतलेली बाटलीही मुंबईत मोठ्या बॅगेत टाका, नाहीतर सुरक्षा तपासणीत ती काढून ठेवावी लागेल.

आणि कस्टम्समधून सुटलात म्हणजे सगळ्यातून सुटलात असं नाही. गोव्यात मोपाच्या विमानतळावर उतरून गाडीने सावंतवाडीकडे निघालात तर राज्य बदलतं. इन्सुलीच्या नाक्यावर गोवा बनावटीची दारू शोधणाऱ्यांना तुमची बाटली कुठली हे कागद दाखवूनच पटवावं लागेल. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथे विमानतळावरची सूट कामाची नाही. प्यायचा परवाना महाराष्ट्रात आजही कायद्याने लागतो. तो काढून ठेवा, अवघड नाही.

घरी आणलीत की महिन्याच्या आत उघडा. ‘खास कुणी’ची वाट बघू नका, शेजारच्या काकांना बोलवा. टॉनीबरोबर शेंगदाण्याची चिक्की ठेवा, बेसनाचा लाडू ठेवा, गोव्याहून बेबिंका आणला असेल तर फारच छान. लहान पेल्यात थोडी ओता आणि कुठल्या खोऱ्यातून आली ते सांगा. साहेबांना दिवाळीत देऊ नका. साहेब ती पुढच्या साहेबांना देतात आणि वाइन फिरत राहते.

शेवटचं सरकारला. आपला नियम व्हिस्की आणि वाइन एकाच मापाने मोजतो. साडेबेचाळीस टक्क्यांचे दोन लिटर आणि साडेबारा टक्क्यांचे दोन लिटर त्याच्या लेखी सारखेच. युरोपीय संघात बाहेरून विमानाने येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला एक लिटर कडक दारूखेरीज चार लिटर साधी वाइन वेगळी आणता येते. ब्रिटनमध्ये चार लिटर कडक दारूखेरीज अठरा लिटर वाइन. आपल्याला अठरा नकोत. पण लिटरच्या बाटलीला सोयीचा असलेला हा आकडा वाइनच्या बाटलीला बसत नाही, आणि नाशिकच्या बागांना शासनाने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण देऊन वाइन करायला सांगितलं, तेव्हा वाइन आणि कडक दारू यांत फरक आहे हे आपणच मान्य केलं होतं. वाइनपुरती मर्यादा सव्वादोन लिटर करा. तीन बाटल्या बसतील.