लिमोकाका

एडिसन, पिस्काटवे, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर. न्यू जर्सीच्या या पट्ट्यात मराठी माणसं भरपूर, म्हणून मराठी नमुनेही भरपूर. त्यातला एक नमुना एरवी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. ऑफिस, लॉन, शनिवारी ओक ट्री रोडवरची भाजी, गणपतीत मंडळाच्या खुर्च्या मांडणं, इतकंच त्याचं सार्वजनिक जीवन. मुलगी बारावीत गेली, की मात्र जानेवारीत त्याला कंठ फुटतो. जूनमध्ये शाळेचा प्रॉम असतो आणि प्रॉमला जायला शोफर असलेली गाडी ठरवायची असते. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याने ते ओढून घेतलेलं असतं. मार्च उजाडेपर्यंत मुलीच्या मैत्रिणी आणि त्या मैत्रिणींच्या आया त्याला लिमोकाका म्हणू लागतात. तो वरवर वैतागतो, पण मनातून खूश असतो.

प्रॉम म्हणजे अमेरिकन हायस्कूल संपतानाची नाचाची, जेवणाची आणि नटण्याची रात्र. लिमोकाकाच्या स्वतःच्या खात्यावर या जातीचा एकच प्रसंग जमा आहे: सातारा जिल्ह्यातल्या शाळेतला दहावीचा सेंड-ऑफ. मुली डावीकडे, मुलं उजवीकडे, मध्ये मुख्याध्यापकांचं भाषण, शेवटी कागदाच्या बशीत बटाटेवडा आणि पेढा. सगळे चालत आले होते, चालत गेले. त्यामुळे प्रॉममधलं बरंच काही त्याच्या डोक्यावरून जातं. मुलाने पुठ्ठ्यावर काहीतरी कोटी लिहून, हातात फुलं धरून, चारचौघांत मुलीला ‘येशील का’ विचारायचं, याला प्रॉमपोझल म्हणतात. मग मुलीच्या ड्रेसच्या रंगाचा मुलाचा टाय, तिच्या मनगटावर फुलांचा कोर्साज, त्याच्या कोटाला फुलाचं बुटोनिएर. यातल्या कशातही त्याचं मत कुणी विचारत नाही. एकदा त्याने ‘मुलगा कुठला?’ एवढंच विचारून पाहिलं. आई आणि मुलगी दोघींनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो डिशवॉशर रिकामा करायला निघून गेला.

गाडीचं तसं नाही. गाडीला दर असतो, आसनं असतात, सुटायची वेळ असते. तिथे बापाला बोलता येतं. वयात आलेल्या लेकीबद्दलची सगळी काळजी त्याने म्हणूनच त्या एका गाडीत कोंबलेली असते, आणि गाडी लांबलचक असल्यामुळे ती मावतेही.

‘पण लिमो हवीच कशाला, मुलं स्वतः चालवतात ना?’ हा प्रश्न पुण्याहून आजी फोनवर विचारते. याचं उत्तर लिमोकाकाकडे तयार असतं आणि ते खरंही आहे. न्यू जर्सीत प्रोबेशनरी लायसन्स १७व्या वर्षी मिळतं, पण ते हातात असलेल्या मुलाला रात्री ११:०१ ते पहाटे ५ गाडी चालवता येत नाही आणि आई-वडील बरोबर नसतील तर एकच प्रवासी बसवता येतो. प्रॉम संपतो त्याच सुमाराला. म्हणजे कायद्याने पाहिलं तर मैत्रिणींचा घोळका ना एका गाडीत मावतो, ना वेळेत घरी पोचतो. लिमोकाका हे कलम आजीला इतक्या रसाळपणे समजावतो की ती शेवटी विचारते, ‘अरे, पण तू नेऊन सोड की.’ इथे लाइन खराब होते.

तो नेऊन सोडायला कधीही तयार आहे. मिनीव्हॅन तयार आहे, तिच्या मागच्या सीटखाली छत्री आणि प्रथमोपचाराची पेटीही आहे. मुलीला ते चालणार नाही, एवढंच.

मग फोनाफोनी. चौकशी त्याने वेगवेगळ्या कंपन्यांकडे केलेली असते आणि प्रत्येक ठिकाणी त्याला तेच धक्के बसलेले असतात. भाडं तासावर, पण किमान तास ठरलेले. प्रॉमच्या दिवसांत ते किमानही वाढतं. त्यावर ड्रायव्हरची २० टक्के टिप बिलातच धरलेली, वर इंधनाचा आकार. बयाणा आधी, आणि तो परत मिळत नाही. पण त्याला खरं झोंबतं ते निराळंच. मुलं हॉलमध्ये नाचत असतात तेव्हा गाडी बाहेर उभी असते, आणि त्या उभ्या गाडीचेही पैसे चालू असतात. ‘चार तास पार्किंगमध्ये उभी राहायचं भाडं?’ असं तो बायकोला विचारतो, जणू ती कंपनी तिच्या माहेरची आहे. सोडून जाऊन पुन्हा न्यायला येणारी स्वस्त सोयही असते. पण मधल्या वेळात ती गाडी दुसऱ्या शाळेच्या प्रॉमला जाते आणि तिथेच अडकली तर काय, हा विचार त्याला झोपू देत नाही. शेवटी तो महाग सोय घेतो आणि त्याबद्दल जूनपर्यंत कुरकुरतो.

घासाघीस तो करतोच. ‘मोठा ग्रुप आहे, पुढच्या वर्षीही आम्हीच,’ हे पालुपद. पलीकडचा माणूस थंडपणे सांगतो की सर, प्रॉमच्या शुक्रवारी माझी एकही गाडी रिकामी नाही. लिमोकाका फोन ठेवतो, अर्धा तास थांबतो आणि पुन्हा करतो, या आशेने की पलीकडचा आवाज बदलला असेल.

मुलांना हवी असते पार्टी बस. एकेकाळी प्रॉमची गाडी म्हणजे लिंकन टाउन कारची लांबवलेली पांढरी लिमोझीन. ते मॉडेल २०११ मध्ये बंद झालं आणि आता बऱ्याच घोळक्यांना रंगीत दिव्यांची, कडेने सोफे लावलेली, एकत्र उभं राहून ओरडता येईल अशी बस हवी असते. लिमोकाका ती प्रत्यक्ष गॅरेजमध्ये जाऊन पाहतो. सोफ्यावर बसून उसळून पाहतो. एसी लावायला सांगतो. मधोमध चकचकीत खांब दिसतो तेव्हा तो कशासाठी, हे विचारतो. ‘उभ्याने जाणाऱ्यांना धरायला,’ असं मालक सांगतो आणि त्याला ते पटतं. घरी फोटो पाहून बायकोला पटत नाही. खांब काढता येईल का, असा एक निरोप मग कंपनीला जातो.

त्यानंतर एक्सेल शीट. समजा बसचे १,६०० डॉलर, २० टक्के टिप धरून १,९२०. २४ मुलं असतील तर माणशी ८०. इथपर्यंत लिमोकाका सुखात असतो, कारण मंडळाच्या वर्गणीत त्याचा हात बसलेला आहे. पण वर्गणीदारांचं एप्रिलमध्ये ब्रेकअप होत नाही. प्रॉमवाल्यांचं होतं. एक जोडी फुटते. ती म्हणते तो असेल तर मी येणार नाही, तो म्हणतो मी आधी पैसे भरलेत. मग तिच्या बाजूच्या तिघी तिच्याबरोबर निघतात. २४चे २० होतात आणि माणशी ८०चे ९६. उरलेल्या पालकांना हे १६ डॉलर कोणत्या तोंडाने मागायचे? ‘अपरिहार्य कारणास्तव’ एवढंच तो ग्रुपवर लिहितो. त्या दिवसापासून मुलीच्या वर्गातली प्रेमप्रकरणं तो समुपदेशकाच्या तळमळीने विचारू लागतो. ‘त्या दोघांचं ठीक चाललंय ना?’ मुलगी म्हणते, ‘बाबा, यू आर सो वीअर्ड.’

या सगळ्यावर हसता येतं, पण त्याच्या फाईलमध्ये एक कागद आहे ज्यावर हसता येत नाही. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यू यॉर्क राज्यात स्कोहारी इथे एक लांबवलेली फोर्ड एक्सकर्शन लिमो उतारावरून सुसाट खाली आली. आतले १७ प्रवासी आणि ड्रायव्हर, शिवाय रस्त्यालगतची दोन माणसं, असे २० जण गेले. मंडळी मैत्रिणीच्या वाढदिवसाला निघाली होती. आपण प्यायलो तर गाडी दुसऱ्याने चालवावी, हा शहाणपणाच त्यामागे होता. गाडी महिनाभर आधी तपासणीत नापास झाली होती आणि ड्रायव्हरकडे तेवढ्या प्रवाशांची गाडी चालवायचा परवाना नव्हता.

हे वाचल्यापासून लिमोकाका दर विचारायच्या आधी कंपनीचा यूएसडॉट नंबर विचारतो. तो नंबर टाकला की केंद्र सरकारच्या साइटवर कंपनीची नोंद कुणालाही पाहता येते. ड्रायव्हर धरून १६ किंवा जास्त जणांची गाडी असेल तर ड्रायव्हरला प्रवासी वाहतुकीची मान्यता असलेलं व्यावसायिक लायसन्स लागतं, आणि गाडी राज्याबाहेर जाणार असेल तर मालकाला ५० लाख डॉलरचा विमा. हे त्याला मुलीच्या एसएटीच्या मार्कांइतकं पाठ आहे. विम्याचा कागद पाठवायला टाळाटाळ करणारी कंपनी तो त्याच क्षणी शीटमधून उडवतो, दर कितीही चांगला असो. इतर पालक त्याची टर उडवतात. पण पैसे त्याच्याकडेच देतात.

आणि मग ती संध्याकाळ. पाच वाजता ठरलेल्या घरी फोटो. हिरवळीवर मुली उंच टाचा मातीत रुतू नयेत म्हणून चवड्यांवर उभ्या. आया एकमेकींच्या मुलींच्या पदराऐवजी आता ड्रेसच्या पट्ट्या सारख्या करताहेत. एक मावशी मीठमोहऱ्या घेऊन आलेली, पण कुणावरून ओवाळायच्या हे न ठरल्याने त्या पर्समध्येच. बस आली, की सगळे कॅमेऱ्याकडे पाहतात आणि लिमोकाका टायरकडे. तो वाकून टायर पाहतो, आत चढून सीटबेल्ट ओढून पाहतो, बर्फाच्या भांड्यात पाण्याच्याच बाटल्या आहेत ना ते बघतो. दारू सापडली तर फेरी तिथेच रद्द आणि पैसे बुडाले, या अटीवर सगळ्या पालकांच्या सह्या त्याने स्वतः घरोघरी जाऊन घेतलेल्या आहेत. मग मुलं चढताना तो दारात उभा राहून डोकी मोजतो. एकोणीस भरतात. पुन्हा मोजतो. विसावी त्याचीच मुलगी, अजून आईकडून पिन लावून घेत असते.

ड्रायव्हर पंजाबी निघाला तर लिमोकाकाला गहिवरून येतं. ‘भाईसाब, कहाँ से?’ म्हणत तो पुढे सरकतो. लुधियाना. मग रस्ता कुठला घेणार, टर्नपाइक की रूट वन, रात्री जेवणार कुठे, असं करत तो त्याच्या हातात घरच्या पराठ्यांचा डबा आणि स्वतःचा नंबर लिहिलेला कागद ठेवतो. ‘बाबा, प्लीज,’ बसच्या काचेतून आवाज येतो. ‘प्लीज डोन्ट टॉक टू द ड्रायव्हर.’

बस वळणावर दिसेनाशी झाली, की इतर बाप बिअर काढतात. लिमोकाका काढत नाही. रात्री साडेअकराला कुणाला आणायला जावं लागलं तर? तो फोनवर मुलीचं लोकेशन लावून बसतो. ठिपका हॉलपाशी थांबतो तेव्हा ग्रुपवर ‘रीच्ड सेफली’ असं लिहितो. त्याला अठ्ठावीस अंगठे येतात. त्यातले काही त्यांचे, ज्यांची मुलं एप्रिलमध्ये गळाली होती.

दुसऱ्या दिवशी मुलगी दुपारी दोनला उठते. कसं झालं, या प्रश्नाला ‘गुड’ एवढंच उत्तर. बस कशी होती? ‘फाइन.’ तोवर त्याने हिशेब पुरा केलेला असतो. पाण्याच्या बाटल्या ठरल्यापेक्षा स्वस्त पडल्याने माणशी ३५ सेंट उरलेत आणि ते परत कसे करायचे, यावर ग्रुपमध्ये त्याने मतं मागवलेली असतात. कुणी उत्तर देत नाही. धाकटा सातवीत आहे. सोमवारी लंच अवरमध्ये तो कंपनीला फोन लावतो आणि पाच वर्षांनंतरच्या जूनचा दर विचारतो.