ट्रेनिंगमामा

तेलंगणातल्या तलमडुगूकडच्या गावांत असा एक गृहस्थ असतोच. काखोटीला प्लॅस्टिकची फाईल, वरच्या खिशात पासपोर्ट फोटो, बस आदिलाबादची. खरं नाव रेशनकार्डावर. गाव त्यांना ट्रेनिंगमामा म्हणतं. फाईलीत शेळीपालन, अळंबी, मोबाईल दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग, मेणबत्त्या. सगळी प्रमाणपत्रं लॅमिनेट केलेली. घरावरचे पत्रे गळतात, ही गळत नाहीत.

पूर्वी मामांकडे कपाशी होती. एका हंगामाला बोंडअळीने खाल्ली, पुढची वेचणीच्या वेळी पावसात भिजली. ओलावा बारा टक्क्यांवर गेला की कापूस महामंडळ हात लावत नाही. मग व्यापारी आणि त्याच्या तोंडाला येईल तो भाव. शेत गहाण पडलं आणि मामांनी नव्याने उभं राहायचं ठरवलं. सरकारही त्यासाठी तयारच होतं, फक्त वयाचा दाखला मागत होतं. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना 2014 ची, साधारण पुरुषाला 15 ते 35 वयाची अट. म्हणजे बुडायचं ते पस्तिशीच्या आत, त्यानंतर स्वखर्चाने.

2023 साली विश्वकर्मा योजना आली. शिकताना दिवसाला 500 रुपये भत्ता, अवजारांना 15,000, वर पाच टक्के व्याजाने कर्ज. मामांनी अठराच्या अठरा धंद्यांची यादी वाचली : सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, शिंपी... पण तो धंदा आधीपासून स्वतःच्या हाताने करत असायला हवा. मामांच्या हाताला सवय डवऱ्याची. "एकोणिसावा शेतकरी घातला असता तर यादी फाटली असती काय?" एवढंच म्हणाले.

त्यांचा खरा जीव रमला तो बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत. ही कल्पना 1982 साली कर्नाटकात उजिरेला निघाली. धर्मस्थळाचे वीरेंद्र हेगडे आणि दोन बँकांनी मिळून. शिकवणं फुकट, राहणं फुकट, जेवण फुकट. मामा अभ्यासक्रम निवडताना आधी मेसची चौकशी करतात. त्यांच्या मते मेणबत्तीच्या वर्गाची आमटी आजवरची सरस.

धंदा मात्र एकही उभा राहिला नाही. शेळ्या घ्यायला कर्ज हवं, आणि बँकेला मामांची जुनी थकबाकी प्रमाणपत्रापेक्षा ठळक दिसते. मोबाईल दुरुस्तीत शेजाऱ्याच्या फोनचा आवाज गेला. शेजाऱ्याच्या बायकोने मामांना जेवायला बोलावलं, ती एकमेव पावती.

पण वर्गात मामांना बघावं. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादचे किनवट, राजुरा मराठी मुलखात गेले, तलमडुगू इकडे राहिलं. त्यामुळे घरात मराठी, कागद तेलुगू. शिकवणारा सपाट्याने तेलुगू बोलतो, मागच्या रांगेतल्या बाया खाली मान घालून बसतात. त्यांतल्या एकीचा नवरा कर्जापायी गेलेला. शिलाई मशीन हाच आता तिचा संसार. मामा मागे सरकतात.

"तो म्हणून राह्यला का, माप घेताना दोन बोटं सैल धरा. मी सांगतो, पाव्हणी असेल तर तीन धरा, जेवल्यावर पुन्हा आणून देते."

बाया हसतात, आणि माप पक्कं डोक्यात बसतं. फॉर्म मामा भरतात, आधारवरचं नाव अन् पासबुकातलं नाव जुळवतात, बँकेच्या खिडकीशी उभे राहतात. गावात आज ज्या चार घरांत मशीन खडखडतं, तिथे मामांना चहा ठरलेला. या कामाचं प्रमाणपत्र मात्र फाईलीत नाही.

एकदा शिकवणारा आलाच नाही. मामांनी दिवसभर वर्ग घेतला. तपासणीला आलेले साहेब मागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "छान शिकवता. पण शिकवायचं असेल तर आधी प्रशिक्षकांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं."

मामांचा चेहरा उजळला.

"निवासी आहे का, साहेब?"